काच पुसली नाही

वर्षातून एकदा, जानेवारीत, मी त्या सराईत जातो.
बस शेवटच्या वळणावर सोडते. पुढे बर्फातून चढ,
खांद्यावर पेटी: डाग द्यायची सळई, दोन जॉयस्टिक,
बटणांच्या स्प्रिंगा, आणि फुमिएबाईंसाठी
आओमोरीच्या बाजारातलं सुकं माकूळ.

तळघरात, गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणाऱ्या बोळात
ते यंत्र उभं आहे. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचं,
आणि त्याच्यासारखंच, थंडीत उशिरा जागं होणारं.
पडद्यावर मधोमध भाताचा मुटका,
त्रिकोणी, कमरेला समुद्रशेवाळाची काळी पट्टी.
चारी कोपऱ्यांतून किडे निघतात:
मुंग्या रांगेत. माश्या तिरक्या.
झुरळं थांबून थांबून, जणू पत्ता विचारत.
आपल्या हाती एक माशीमार,
शंभर येनला तीन मुटके.
शेवटचा संपला की यंत्राच्या पोटात गुरगुरतं.

हा खेळ जिंकता येत नाही. गिऱ्हाइकांना मी हे सांगत नाही.
त्रेसष्ट पातळ्या बिनबोभाट जातात,
चौसष्टावीला मुटका उगवतच नाही.
लिहिणाऱ्याच्या हिशेबात एक किडा राहून गेला.
सगळे येतात, रिकाम्या काळ्या जागेवर जमतात,
एकमेकांभोवती फिरतात,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे.
मी दोनदा तिथवर गेलोय.
दोन्ही वेळा माशीमार सोडून बघत बसलो.

यंदा सेंदाईचा एक मुलगा होता, इत्सुकी,
नऊ वर्षांचा. आजोबा कुंडात, हा यंत्रापाशी.
मी मागचं झाकण लावलं, त्याने नाणं टाकलं.
एकविसाव्या पातळीवर काचेच्या कडेवरून
एक कामेमुशी चालत आला, खराखुरा,
ढालीएवढ्या पाठीचा, नखाएवढा.
हिवाळ्यात ते भिंतींच्या फटींतून घरात शिरतात.
चिरडला तर खोली दोन दिवस नासते,
म्हणून फुमिएबाई प्रत्येक पाहुण्याला
किल्लीबरोबर चिकटपट्टीचं रीळ देतात.

इत्सुकीने बटण हाणलं. पुन्हा हाणलं.
"हा मरत नाही."
"तो यातला नाही," मी म्हटलं.
"मग मुटक्याकडे का चाललाय?"

बाई हात पुसत आल्या. रिळाची पट्टी
टर्रकन ओढली, आणि तशीच धरून उभ्या राहिल्या.
किडा मुटक्यावर पोचला होता. पाय पोटाशी घेऊन
तो तिथेच बसला. खालून मुंग्या जात-येत होत्या.
"काच गरम आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर उणे अकरा."
आणि ती पट्टी त्यांनी यंत्राच्या
उकललेल्या कोपऱ्यावर दाबून लावली.

पोरगा त्याच्याभोवतीने खेळला, वाकून,
एक डोळा मिटून. तरी एक मुंगी
त्या ढालीच्या आडून सटकली, आणि गुरगुर.
"तुमचा किडा त्यांना सामील आहे,"
तो रडवेला होऊन म्हणाला, आणि दुसरं नाणं शोधू लागला.

रात्री दहाला बाई बोळातले दिवे घालवतात,
मग यंत्राचं बटण. त्या रात्री दिवे गेले.
बाई यंत्रापाशी थांबल्या, गळ्यातला पंचा सारखा केला,
आणि जिना चढून गेल्या.
अंधारात भात उजळत राहिला, वर तो काळा ठिपका,
आणि कुणी खेळत नसताना यंत्र स्वतःशीच
जो खेळ दाखवत राहतं, तो.

सकाळी मी पावती लिहिली:
बटण, एक, बदललं. स्प्रिंग, एक.
काच पुसली नाही.