सूत

खडकीच्या आमच्या चर्चमध्ये, वेस्ट्रीच्या चौकटीवर,
मनोरमाबाई चक्रनारायण दर नाताळाला
आम्हा पोरांची उंची टिपून ठेवायच्या.
चौकटीला टाच, डोक्यावर आडवं गीतपुस्तक,
मग पेन्सिलीची रेघ आणि नाव.
"एलिया, यंदा दोन इंच," म्हणायच्या,
आणि हळूच, "आतून किती, ते त्यालाच ठाऊक."
मला त्या 'आतून'चा फार राग यायचा.
तिथे टाच कुठे टेकवायची?

पुढे दारूगोळा कारखान्यात फिटर झालो.
चौतीस वर्षं मापात काढली.
इंचाचे आठ सूत,
सुतापलीकडे केसाएवढं,
केसापलीकडे फक्त बोटांना कळणारं.
तीच सवय घेऊन देवापुढे उभा राहायचो.
शास्त्रवाचन: रोज पहाटे पाचला.
चाळीस दिवसांचे उपवास: चहासुद्धा बंद.
कमिटीवर तीनदा, त्यात एकदा खजिनदार.
साक्ष द्यायला उठलो की पाळकसाहेब घड्याळ बघायचे.
मला वाटे, चढतेय रेघ.

फक्त प्रभूच्या प्रार्थनेत
ऋणांची ओळ आली की मला खोकला यायचा.
नेमका तिथेच. बारा वर्षं.
पलीकडच्या बाकावर माझा भाऊ शमुवेल,
आईच्या खोलीचे कागद ज्यानं परस्पर केले.
तो त्या ओळीला खोकायचा की नाही
हे मला कधी ऐकू आलं नाही,
माझ्याच खोकल्यात.

गेल्या उपवासकाळात सुगंधावहिनीचा फोन आला.
"ह्यांची उजवी बाजू गेलीय. संडासाचं दार
फुगून बसलंय, ओढवत नाही त्यांना.
सुतार पुढच्या आठवड्यात म्हणतो."
एवढंच. माफीबिफी काही नाही.
मी फोन ठेवला. खरं सांगतो,
आधी मला बरं वाटलं.
मग त्या बरं वाटण्याची चव
तोंडात राहिली, दातात गंजका खिळा धरल्यासारखी.
प्रार्थनेला बसलो, शब्द आले नाहीत.
उठलो, आणि रंधा शोधला.

बाजारामागची तीच खोली.
दार बिजागऱ्यांतून काढलं, आडवं घातलं,
त्यावर गुडघा टेकला.
शमुवेल खुर्चीत. तोंड थोडं वाकडं.
पहिल्या ओढीला नुसता रंग निघाला,
मग त्याखालचा जुना, मग त्याहून जुना,
आईनं कुठल्याशा नाताळाला लावलेला हिरवा.
मग लाकूड.
बसवून पाहिलं. अडलं.
"अजून... अर्धा सूत," शमुवेल म्हणाला.
शब्द घरंगळत आले.
बारा वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य.
मी म्हणालो, "दिसतंय मला."
आवाज माझा बरा नव्हता.

अर्धा सूत काढला.
दार करकर न करता मिटलं.
वहिनीनं चहा दिला. माझा उपवास होता. घेतला.
कागदांचा विषय निघाला नाही.
निघेल कधीतरी, आणि तेव्हा मी कसा वागेन
याची हमी मी देत नाही.

येरवड्याला परतताना होळकर पुलावर थांबलो.
खाली मुळा, जलपर्णीनं गच्च.
खिशात हात घातला तर भुसा
आणि एक लांब कुरळी ढलपी, एका अंगानं हिरवी.
टाकणार होतो. नाही टाकली.

काल रविवारी लवकर गेलो.
वेस्ट्रीची चौकट तीनदा रंगवलीय, रेघा दिसत नाहीत.
बोट फिरवलं, फिटरचं बोट.
छातीच्या उंचीला एक बारीक खाच लागली.
माझी की शमुवेलची, कळेना.

उपासनेत ती ओळ आली. खोकला आला.
पण जरा उशिरा आला.
'ऋण' हा शब्द तोवर
म्हणून झाला होता.