मुखपृष्ठावरचा ऑक्टोबर

आमच्या गावात जुलैतच ऑक्टोबर यायचा.
झेन्सव्हिल, ओहायो. चौऱ्याहत्तर साल.
बाहेर डांबर चपलांना चिकटतंय
आणि हुदाक ड्रग स्टोअरच्या फिरत्या जाळीवर
सगळे वीर तीन महिने पुढे.
वडील म्हणायचे, धंद्याची युक्ती गं,
तारीख पुढची टाकली की माल शिळा दिसत नाही.
खोकल्याच्या औषधाला ही सोय नव्हती.

किंमत पंचवीस सेंट. हिवाळ्यात वीस होती.
त्या पाच सेंटांचा राग
एमिलने आख्खा उन्हाळा धरून ठेवला.

महिनाअखेरीचं काम माझं:
न खपलेल्या अंकांची मुखपृष्ठं ब्लेडने उतरवायची.
गठ्ठा कंपनीला परत, पैसे वळते.
उरलेलं धड जाळायचं, असा करार.
म्हणजे बघा, ज्याच्यावर जुलै छापलेला
त्याचा जुलै खरोखर उजाडला
की त्याचं डोकं उडायचं.

मी तेरा वर्षांची. हात सफाईदार.
उल्काराणी एका ओढीत.
राखमाणसाला सवयच होती, दर अंकात मरायचा.
फक्त निळा नांगर
(जहाजाचा, शेतातला नव्हे)
स्टेपलपाशी हटकून अडायचा
आणि त्याचा निळा रंग
दोन-दोन दिवस माझ्या नखात राहायचा.

काउंटरमागे टीव्हीवर चौकशी समिती बसलेली,
वडील गोळ्या मोजता मोजता आकडा चुकत.
मागच्या अंगणात, पत्र्याच्या पिंपापाशी,
काडेपेटी घेऊन एमिल.
नऊ वर्षांचा, सरकारी हुद्द्यावर असल्यासारखा.
धूर दिसला की मी आत वळायचे.
एकदाही जवळ जाऊन बघितलं नाही.

परवा टूसॉनहून खोकं आलं.
एमिल घर विकून लहान जागेत राहायला जातोय.
आत चाळीस अंक. एकालाही तोंड नाही.
पहिल्याच पानावर कोणी ना कोणी कोसळतंय,
कागद चहासारखा झालाय,
स्टेपलच्या गंजाचे दोन-दोन डाग
प्रत्येकाच्या पाठीवर.

कोलंबसचा विक्रेता आला, पातळ हातमोजे घालून.
पोरगेलासा, अतिशय नम्र.
मुखपृष्ठ असतं तर, म्हणाला,
आणि पुढचा आकडा त्याने गिळला.
मी त्याला लिंबू सरबत दिलं.
कापणारी मीच, हे सांगितलं नाही.

रात्री फोन लावला.
मग जाळलंस काय रे तेव्हा?
खोकल्याच्या औषधाची खोकी, एमिल म्हणाला.
आणि एकदा तुझं गणिताचं पुस्तक. सॉरी.

निळ्या नांगराचा तो शेवटचा अंक आठवतो का?
पुलाच्या कठड्याला एका हाताने लोंबकळलेला,
खाली नदी, वर तिघं बंदूकवाले,
आणि चौकटीत: पुढे काय? पाहा पुढल्या महिन्यात!
पुढला महिना निघालाच नाही.
मालिका बंद. आम्हाला कोणी कळवलं नाही.
पन्नास वर्षं झाली, बिचाऱ्याचा हात.

तेव्हा गच्चीवर एमिलने शेवट लावला होता:
पूल आपलाच आहे, वाय आकाराचा.
नांगर वर चढतो, मधोमध येतो,
तिघं सरळ पळतात, हा वळतो,
पूल पूर्ण ओलांडतो
आणि उतरतो तो पुन्हा त्याच काठावर.
मग? मी विचारलं होतं.
मग काय. घरी जातो. जेवायची वेळ झालेली असते.

फोनवर त्याला यातलं काही आठवेना.
मला ते कधी एवढे आवडलेच नाहीत, म्हणाला.
तू कापताना ओठ चावायचीस,
म्हणून ठेवले.

बराच वेळ दोघं गप्प.
त्याच्याकडे कुठला तरी पंखा घरघरत होता.
मग तो म्हणाला,
धार मात्र सरळ आहे गं तुझी.
अजून सरळ आहे.