खिडकी मोठी करायची नाही

याझेपनं पहिल्यांदा हेच बजावलं:
खिडकी मोठी करायची नाही.
उघडते तेवढीच राहू द्यायची.
कडेला राखाडी पट्टी दिसेल, दिसू दे.
पडद्याच्या मापावरूनसुद्धा माणूस ओळखतात, काकू,
शिंपी ओळखतो तसा, पाठमोऱ्या कोटावरून.

वरच्या मजल्यावरचा पोरगा, एकोणीस वर्षांचा.
बूट दाराबाहेर न काढता
पिशवीत घालून आत आणलेले.

ह्रोदना. नेमान नदी गोठायच्या बेतात.
शेगडीवर बीटाचं सूप, रेडिओ मुद्दाम मोठा.
खिशातल्या पेनड्राइव्हमधून त्यानं कांदा काढला,
म्हणजे कांद्याचं चित्र, जांभळं,
आणि मी उगाच सुरी शोधायला उठले.

थेट नाही जाता येत, ते दार बंद केलंय त्यांनी.
पुलावरून जायचं.
कुणाचा पूल?
असतो कुणाचातरी.
पुलावरच्याला आपलं घर माहीत, आपण कुठं निघालो ते नाही.
शेवटच्याला मुक्काम माहीत, घर नाही.
मधल्याला या दोघांखेरीज काहीच नाही.

मी म्हटलं, आमच्या छापखान्यात असंच होतं.
लिहिणारा कुठं, वाचणारा कुठं,
मधे मी, तेहतीस वर्षं मुद्रितं तपासत,
एकाही पुस्तकावर नाव नाही.
तो हसला नाही.
सुरक्षेची पातळी सगळ्यात वर नेत होता.
चित्रं अर्धी गेली, बटणं मेली,
पानं उभी राहिली नुसत्या अक्षरांवर.
मला आवडली.

घड्याळही काढून घेतलं त्यानं:
बाहेर साडेआठ, आत साडेपाच,
या खिडकीत सगळ्या जगाची एकच वेळ.

मग एक चौकट आपणहून वर आली.
पानं इंग्रजीत मागवू का, विचारत होती,
अगदी अदबीनं.
तुमची भाषा तुम्हाला वेगळं पाडते.
हो म्हणा, याझेप म्हणाला.

आमच्यात एक अक्षर आहे,
उ-च्या डोक्यावर उताणी वाटी.
शेजाऱ्यांपैकी कुणाच्याच लिपीत नाही.
तेहतीस वर्षं मी लाल पेन्सिलीनं तीच शोधत होते,
घाईत विसरलेली, मुद्दाम गाळलेली.
शाळांतून गेली, पाट्यांवरून गेली,
आणि आता इथं मीच म्हणायचं, नको?

चारचौघांसारखं दिसायचं, काकू. एवढंच.

हे बरंय.
जन्मभर मी सारख्या ओळींत
वेगळं पडलेलं एकेक अक्षर टिपत आले.
आता ते अक्षर मी,
आणि पलीकडे कुणी पगारी बसलंय
चष्मा पुसून.

हो म्हटलं.
आवाज केवढासा झाला.

मग आमच्याच गावची बातमी वाचली,
चार देशांना वळसा घालून आलेली.
पकडलेल्यांची यादी. सतरावं नाव
ग्रंथालयातली स्तेफानिया साऊका.
आडनावावरची वाटी राहून गेली होती.
खाली लिहिलेलं: चूक असल्यास कळवा.

मी कळवायला लागले तर
याझेपनं हात धरला.
सगळं झाकलं आपण, घर, घड्याळ, पडदा,
आणि तुम्ही स्वल्पविराम असा देता
की अख्ख्या ह्रोदनात दुसरं कुणी देत नाही!
ताकाला जाऊन भांडं लपवावं,
आणि वर भांड्यावर नाव कोरलेलं.

त्यानं एक बटण दाबलं. नवी ओळख.
सगळं मिटलं, पुन्हा कोरं उघडलं.
बूट घेऊन, मोज्यांवरच, तो जिना चढला.

सूप आटलं होतं. रेडिओ बंद केला.
कोऱ्या खिडकीत, लहानच ठेवलेल्या,
दोन ओळी लिहायला मला पाऊण तास लागला.
पहिल्या ओळीत एक चूक केली, ढोबळ.
दुसरीत दोन.
स्वल्पविराम एकही नाही.
हात थरथरत होता, पोरीनं पहिली चोरी करावी तसा.
मधोमध फक्त एक शब्द बिनचूक,
तिचं आडनाव,
वाटीसकट.