पुस्तकी किंमत

रावपुऱ्यात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर
आमच्या क्लबचं ऑफिस. एक कपाट, दोन पंखे,
त्यातला एक चालतो.
मी हिशेबनीस. फुटबॉल मला कळत नाही,
म्हणजे ऑफसाइड कळत नाही. बाकी कळतं.

यंदा लीगनं नियम धाडला:
शंभर रुपये आले तर पगारांवर साठ.
एकसष्ट नाही.
आमचे एकोणऐंशी.

गेल्या साली, समोरच्या क्लबाची जिरवायची म्हणून,
जयेंद्रभाई कोलकात्याहून स्ट्रायकर घेऊन आले,
सोळा लाख मोजून, चार वर्षांच्या कराराने.
मी ते सोळा लाख चार वर्षांत वाटले,
दर साली चार, फ्रिजचे वाटतात तसे.
त्याचा गुडघाही तसाच झिजतोय,
सरळ रेषेत.
बाजारात त्याला आता पाचाच्या वर कोणी जात नाही
आणि पुस्तकात तो अजून बाराचा.
विकला तर सात लाखांचा खड्डा,
आणि खड्ड्यांनाही लीगनं माप दिलंय.

मग कोण? जयेंद्रभाई म्हणाले.
मी यादीवरून बोट खाली आणलं.

वेस्ता राठवा. छोटा उदेपूरकडचा.
काकाबरोबर सेंट्रिंगच्या कामावर आला होता, बारा वर्षांचा,
नवलखीच्या मैदानावर अनवाणी खेळताना
कर्णिक मास्तरांनी त्याला धरला,
घरी ठेवला, जेवू घातला,
सात वर्षं त्याच्या डाव्या पायाला शिस्त लावली.
महिना सात हजार घेतो. एकोणीस वर्षांचा आहे.
त्याच्यासाठी आपण कोणाला काही मोजलं नाही,
म्हणून पुस्तकात त्याची किंमत शून्य.
गोव्याचा क्लब अठरा लाख देतोय.

अठरा वजा शून्य.
तीस वर्षांत इतकी स्वच्छ वजाबाकी
माझ्या हातून झाली नव्हती.

मास्तर चिडले नाहीत. खुर्ची ओढून बसले,
त्या पंख्याखाली, जो चालत नाही.
म्हणाले, आणि दूध, केळी?
मी म्हटलं, ती त्या त्या साली खर्ची पडली.
टायफॉइड झाला तेव्हा सयाजी हॉस्पिटलात
सोळा रात्री मी बाकावर झोपलो, गुप्ते.
तेही, मास्तर.
तेही खर्ची पडलं.

शेवटची तारीख एकतीस, रात्री बारापर्यंत.
पोरगा साडेदहाला सही करायला आला,
केस ओले, हातात सेव-उसळचं पार्सल, मलाही आणलेलं.
गोव्यात तीस हजार मिळणार, तो खूश होता,
का नसावा?
मी त्याला कागद वळवून दाखवले.
बोट ठेवून म्हणाला, साहेब, इथे माझं काय लिहिलंय?
शून्य, मी म्हटलं.
तो हसला, दात दिसतील असा.
म्हणजे माझ्यावर कोणाची उधारी नाही.

नेट दोनदा गेलं. अकरा बेचाळीसला फॉर्म चढला.
एकोणसाठ पूर्णांक सात.
गोलकीपरचा पगार वाचला, माळ्याचा वाचला,
माझं मानधन तर मोजतच नाहीत.
उसळ गार झाली होती. खाल्ली.

पंधरवड्यानंतर मास्तर जिना चढून आले,
मागे एक काटकुळा मुलगा, गुडघ्यावर जखमेची खपली,
सोबत त्याचा बाप, तरसालीला टायरचं पंक्चर काढतो.
करार करायचाय, मास्तर म्हणाले,
आणि याला फुकट घ्यायचा नाही.
बापाच्या तळहातावर त्यांनी एक रुपया ठेवला.
पावती फाडा. पुस्तकात चढवा.

रुपयानं काही अडत नाही, मास्तर,
हे ओठांवर आलं होतं.
वांधा नाही, म्हटलं. नाव सांग रे.
करार चार वर्षांचा.
दर साली पंचवीस पैसे.

पंचवीस पैसे आता कुठल्याच दुकानात चालत नाहीत.
पुस्तकात चालतात.