सापाची मावशी

अंजनेरीच्या दुसऱ्या टप्प्यावर, कारवीच्या गचपणात
लहानू बेंडकोळीने काठीने पाला उलटला
आणि म्हणाला, "मावशी गेली बघा."
मला फक्त पाला दिसला.

तीन दिवस असंच.
तो सांगायचा, गेली.
मी वहीत लिहायचो: वेळ नऊ-चाळीस, ऊन तिरपं, ओल भरपूर,
प्राणी,
आणि पुढे मोकळी जागा.

नाशकात, कॉलेज रोडच्या माझ्या खोलीवर
जुन्या कागदांत तिच्याबद्दल दीड ओळ आहे:
रंग तांबूस, पाय आखूड, सवयी अज्ञात.
कुणा साहेबाने एकदाच पाहिली, बाटलीत घातली.
बाटली पुढे कुठल्या कपाटात गेली, नोंद नाही.

लहानूची बायको यमुना अंगणात नागली पाखडत होती.
विचारलं, विषारी असते का ती?
"इख कशाचं? सापाच्या नात्यातली, म्हणून बदनाम.
आमची नणंद नाही का तशी!"
हसली. सूप काही थांबलं नाही.

चौथ्या दिवशी दिसली.
ओल्या दगडावर, बोटाएवढी,
तेल लावून पुसून ठेवल्यासारखी.
डोळे मिटलेले.
लहानू पुटपुटला, "बघतिया ती."
खरंच, पापणीला खिडकी असते तिच्या,
खसखशीच्या दाण्याएवढी, आरपार.
डोळा मिटूनही उजेड आत येतो,
डोळा मिटूनही माझा हात तिला दिसला.

मी झेपावलो.
मुठीत आलं शेपूट.
नुसतं शेपूट, टोकाला निळसर,
तळव्यावर वळवळत राहिलं
किती वेळ, ते घड्याळात बघायचं विसरलो;
चार दिवसांत नोंद घेण्याजोगी तेवढीच गोष्ट होती.

लहानू हसला नाही.
"सारी चरबी शेपटात साठवती ती.
आता उन्हाळा कशावर काढील?"
आणि उलटलेला पाला
त्याने काठीने परत होता तसा केला.

अर्जात रकाना आहे: नमुना मिळाला काय?
'होय' लिहिलं, खोडलं.
'नाही' लिहिलं, तेही खोडलं.

फाट्यावर एस.टी. मिळाली. खिशात छोटी बाटली,
बाटलीत आता निपचित ते.
सातपूरच्या कारखान्यांचे दिवे लागले होते.
मी डोळे मिटून घेतले.
काहीच दिसलं नाही.