शेरा निरंक

फोन आला तेव्हा मी डिग्रजच्या पाण्याच्या टाकीखाली
फायबर जोडत बसलो होतो.
खारीनं कुरतडलेलं.
केसाहून बारीक काच, श्वास धरूनच जोडावी लागते.

"मगदूम ना? त्या नदीच्या वहीचं बघा जरा."
कुठल्या ऑफिसातून, ते सांगितलं नाही.
आवाज मात्र गोड, लग्नाचं आवतण द्यावं तसा.
म्हटलं, साहेब, कागद पाठवा.
"कागद कशाला? तुमचं लायसन मार्चला संपतंय नव्हं?
मोबाईलवाल्यांनी परवाच बंद केलं.
तुमचंच राहिलंय."

नदीची वही म्हणजे पायगोंडा अण्णांचं पान.
भूमापनात हयात गेली, साखळी ओढून शेतं मोजली,
आता रात्री मळीच्या रानात बसून
वाळूच्या बोटी मोजतात.
सकाळी भाच्याला आकडे सांगतात, तो पुण्यातून चढवतो.
तारीख, वेळ, बोटी. शेरा निरंक.
सोमवार अकरा. मंगळवार चौदा.
बुधवारी प्रांतसाहेबांचा दौरा, शून्य.

साडेचारशे घरं माझ्या तारेवर.
स्विचचे हप्ते, इलाहीचा पगार, धाकटीची फी.
राउटरमध्ये एकच ओळ लिहायची असते,
दूध उतू जायच्या आत होते लिहून.
लिहिली.

दुपारपासून लोक विचारायला लागले,
"शीतलभाऊ, वही उघडंना."
सर्व्हर डाऊन हाय, म्हटलं.
इलाही माझ्याकडं न बघता
पुसलेलाच पक्कड पुसत राहिला.

एक सांगायचं राहिलं.
ती ओळ लिहिताना मी दुकानाचं कनेक्शन वगळलं.
का, ते विचारू नका.
रोज रात्री शटर अर्धं ओढायचं,
बोटी वाचायच्या, बंद करायचं,
पर्युषणात चोरून कांदा खाल्ल्यागत.

एक तारखेला अण्णा आले.
चारशे सत्तर रुपये, वरचे सत्तर नाण्यांत, मोजून.
पावती मागितली.
"भाचा म्हणतो, डिग्रजातनं एक वाचणारा हाय अजून.
रात्री सव्वाअकराला येतो.
एकच."
मी पावतीवर तारीख घालत होतो. दोनदा चुकली.

"कालच्या सतरा झाल्या," अण्णा म्हणाले.

"सोळा,"
माझ्या तोंडून गेलं.

अण्णांनी पावतीची घडी घातली,
टोपीच्या आत सरकवली,
आणि उन्हात जाऊन
सायकलचं स्टँड पायानं वर केलं.