तारखेचा शिक्का

तिसऱ्या खिडकीच्या ड्रॉवरमध्ये
मगदूम भाऊसाहेबांचा शिक्का अजून आहे.
पितळी दांडा, रबराचे आकडे,
सालाचं चाक दोन हजार एकोणीसलाच संपतं.

मी लागले तेव्हा विलंब शुल्क पन्नास रुपये होतं,
अतिविलंबाचं अडीचशे,
त्याच्यापुढे काही नव्हतं.
त्याच्यापुढे मगदूम होते.

मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी
ते चाक फिरवायचेच नाहीत.
साडेदहा, अकरा, सव्वाअकरा,
जतची गाडी सांगली स्टँडला लागेपर्यंत
खिडकीच्या आत कालचीच तारीख असायची.
नागज फाट्यावर टायर बसलेली पोरं
पळत यायची,
फॉर्मची घडी घामानं मऊ झालेली,
आणि भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणायचे,
"फोटोवर सही कोण करणार? तुझा मामा?"
मग ठप्प.
शाई ओली राहिली तर फुंकर घालायचे.

हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही.
लेखापरीक्षणात सापडलंच एकदा:
मुदत एकतीसला, एकतीसला रविवार,
आणि रविवारी स्वीकारलेले एकवीस अर्ज.
मेमो आला. एक वेतनवाढ गेली.
घरी काय सांगितलं कुणास ठाऊक,
पुढच्या सत्रात त्यांनी
भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर तेवढं लावलं.

आता पोर्टल आहे.
रात्री अकरा एकोणसाठला ते मिटतं,
जतची गाडी कुठंही असो.
परवा उमदीची लायव्वा बिराजदार
मोबाईल पुढे धरून उभी होती,
पडद्यावर गोल फिरतंय, फिरतंय,
पैसे गेलेले, अर्ज न गेलेला.
पाटीवर लिहिलंय तेच मी म्हणाले:
याला कार्यालय जबाबदार राहणार नाही.
मग चहा तसाच ठेवून विद्यापीठाला पत्र लिहिलं,
'विशेष बाब म्हणून.'
वर्षातून कितीदा लिहिते हे,
बाब कुठलीच विशेष नसते.
"मॅडम, उत्तर कधी येईल?"
उत्तराला मुदत नसते,
हे तिला कसं सांगायचं?

आम्हालाही तारखा आहेतच.
स्वयंमूल्यमापन दहापर्यंत,
आयकराची कागदं पंधरापर्यंत, नाहीतर पगार थांबेल.
दावल मुजावरच्या पदोन्नतीची फाईल मात्र
तीन वर्षं वरच्या मजल्यावर आहे,
तिच्यावर कुणी तारीख घातलेली नाही.
दावल रोज तिच्यावरची धूळ झटकतो,
कारण झाडणं त्याच्याकडेच आहे.

आणि काल, एक डिसेंबरला,
मगदूम भाऊसाहेब खिडकीबाहेर.
त्या बाजूनं मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.
कानटोपी, कापडी पिशवी,
पिशवीत हयातीच्या दाखल्याचा फॉर्म.
मुदत तीस नोव्हेंबर.
"विश्रामबागच्या बँकेत पाच दिवस जातोय.
अंगठाच लागंना बघ.
मशीन म्हणतंय, माणूस सापडत नाही."
अंगठा दाखवला:
चौतीस वर्षं पानं उलटून गुळगुळीत,
नखाच्या कडेची जांभळी शाई
कधीच गेली असणार, मला मात्र दिसली.

आत बोलावलं. साहेबांची सही आणली.
पेन शोधायला ड्रॉवर उघडला,
तर त्यांनी शिक्का उचलला
आणि सवयीनं चाक
एक घर मागे घेतलं.
जरा वेळ हातात धरला.
मग परत होतं तिथं आणून ठेवला.
"नको," म्हणाले, "तुझी वेतनवाढ जाईल."
साल तर त्यातलं केव्हाच संपलं होतं.

बाहेर बाकावर लायव्वा होतीच.
सरकून तिनं जागा दिली.
"तुझं काय राहिलंय पोरी?"
"परीक्षेचा अर्ज. तुमचं?"
भाऊसाहेबांनी फॉर्मची घडी घातली,
उलगडली, परत घातली.
"जिवंत असल्याचा," म्हणाले,
"विलंब शुल्क किती पडतंय, तेवढं विचारायचंय."